सीसीआर५ नसलेली माणसं

सूक्ष्मदर्शिनी

व्हॉट्सॅपवर तो फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागलाय. "बोन मॅरो बदलला की एड्स मुळापासून बरा, औषध कंपन्यांनी दडवलेलं सत्य." दडवलेलं काही नाही, २००९ पासून ते छापील आहे. पण या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी जे प्रथिन आहे, त्याचं नावसुद्धा त्या फॉरवर्डमध्ये नसतं. म्हणून हा धागा. लांबलाय, चहा घेऊन बसा.

सीसीआर५ हे आपल्या काही पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. ३५२ अमिनो आम्लांची साखळी, पेशीच्या पातळ आवरणातून सात वेळा आरपार गेलेली. त्याचं जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. शरीरात कुठे संसर्ग झाला, सूज आली की तिथल्या पेशी केमोकाइन नावाची छोटी प्रथिनं सोडतात. सीसीआर५ ती ओळखतं, आणि मग टी पेशी, मॅक्रोफेज वगैरे मंडळी त्या दिशेनं सरकतात. हे त्याचं खरं काम. एचआयव्ही नंतर आला आणि त्यानं याच प्रथिनाचं दार केलं.

एचआयव्हीला आत शिरायला एक रिसेप्टर (पेशीच्या पृष्ठभागावरचं, बाहेरचं काही चिकटू देणारं प्रथिन) पुरत नाही. त्याच्या अंगावरचं जीपी१२० नावाचं प्रथिन आधी पेशीवरच्या सीडी४ या रिसेप्टरला चिकटतं. चिकटल्यावर त्याचा आकार बदलतो आणि तोवर झाकलेला एक भाग उघडा पडतो. तो भाग सीसीआर५ ला (काही विषाणूंच्या बाबतीत सीएक्ससीआर४ या दुसऱ्या रिसेप्टरला) भिडतो. त्यानंतर जीपी४१ नावाचं दुसरं प्रथिन पेशीच्या आवरणात घुसतं, विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणाजवळ ओढतं आणि दोन्ही एक होतात.

सीडी४ लागतं हे १९८४ सालीच कळलं होतं. पण माणसाचं सीडी४ उंदराच्या पेशीवर बसवलं तर विषाणू नुसता चिकटायचा, आत जायचा नाही. म्हणजे माणसाच्या पेशीत आणखी काहीतरी आहे, पण काय? या प्रश्नावर बारा वर्षं गेली. १९९५ च्या डिसेंबरात रॉबर्ट गॅलोंच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की तीन केमोकाइन्स एचआयव्हीला अडवतात. तेव्हा हे फार विचित्र वाटलं होतं, कारण सूज आणणाऱ्या रेणूंचा विषाणूशी काय संबंध? १९९६ मध्ये अमेरिकेत एडवर्ड बर्गर यांच्या गटाला पहिला सह-रिसेप्टर सापडला, तो सीएक्ससीआर४. पण गॅलोंची केमोकाइन्स त्याला बसत नव्हती. ती बसतात सीसीआर५ वर. इतका धागा हाती आल्यावर मग शर्यतच लागली, आणि त्याच जूनमध्ये पाच वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकदम सीसीआर५ जाहीर केलं.

लगेच त्याच वर्षी पुढचं कोडं सुटलं. न्यूयॉर्कमध्ये स्टीव्ह क्रोन नावाचा एक माणूस होता. त्याचा जोडीदार १९८२ साली गेला, तेव्हा या आजाराला धड नावही नव्हतं. मित्रांमागून मित्र गेले, क्रोनला मात्र लागण होईना. तो स्वतःच डॉक्टरांकडे जाऊन म्हणाला, माझं रक्त तपासा. प्रयोगशाळेत त्याच्या पेशींवर भरपूर विषाणू ओतून पाहिला, आत जाईना. त्याच्या सीसीआर५ जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये डीएनएची ३२ अक्षरं गळालेली होती. प्रथिन अर्धवट बनायचं आणि पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचायचंच नाही. या बदलाला डेल्टा ३२ म्हणतात. आईवडील दोघांकडूनही तो आला तर नेहमीच्या प्रकारच्या एचआयव्हीची लागण जवळपास होतच नाही. एकाकडूनच आला तर लागण होते, पण आजार सरासरी दोनेक वर्षं उशिरा बळावतो.

क्रोनबद्दल वाचताना लोक "नशीबवान" म्हणतात. २०१३ साली, ६६ व्या वर्षी त्यानं आत्महत्या केली. त्याच्या पिढीतल्या वाचलेल्यांच्या मनावर काय ओझं होतं, हे त्याच्या जवळच्यांनी तेव्हा उघडपणे सांगितलं आहे.

बोन मॅरोचं प्रतिसादांत लिहिते, नाहीतर पोस्ट संपायचीच नाही.

तळ्यातमळ्यात

वाचतोय. उत्तम लिहिताय.

बापू कोल्हापूरकर

ताई, झकास. एक सांगा, हे डेल्टा ३२ आपल्याकडं किती जणांत असतंय? आणि तपासून घेता येतंय का? आमच्या तालमीत अर्धी पोरं स्वतःला आजारच होत नाही म्हणून फिरत असतात.

सूक्ष्मदर्शिनी

बापू, तालमीला निरोप द्या की फिरणं थांबवा. :)

डेल्टा ३२ हा मुख्यतः युरोपीय वारसा आहे. उत्तर युरोपात जनुकाच्या दर शंभर प्रतींत दहाच्या आसपास अशा असतात, त्यामुळे दोन्ही प्रती तशा असलेली माणसं साधारण शंभरात एक. दक्षिणेकडे, पूर्वेकडे जावं तसं प्रमाण घटत जातं. आफ्रिका आणि पूर्व आशियाच्या मूळ रहिवाशांत जवळपास नाहीच. भारतात एक प्रत असलेलेही अगदी विरळ, आणि दोन्ही प्रती असलेला माणूस ही अपवादात्मक गोष्ट.

यातली खोच अशी की आपल्याकडचा एचआयव्ही बहुतांशी उपप्रकार सी चा आहे, आणि सी हा सीसीआर५ चा फारच निष्ठावान. पाश्चात्त्य देशांतल्या उपप्रकार बी मध्ये आजार जुना झाल्यावर निम्म्याच्या आसपास रुग्णांत विषाणू सीएक्ससीआर४ कडे वळलेला दिसतो. सी मध्ये तसं खूप कमी घडतं. म्हणजे जिथल्या विषाणूला हे एकच दार हवंय, तिथल्याच लोकसंख्येत ते नैसर्गिकरीत्या बंद असलेले लोक नाहीत. भोसरीच्या 'नारी'त, म्हणजे १९९२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, उपप्रकार सी वर पुष्कळ काम झालं आहे.

तपासणी करता येते, पण करून करणार काय? दोन्ही प्रती डेल्टा ३२ निघाल्या तरी सीएक्ससीआर४ वापरणाऱ्या विषाणूची लागण होऊ शकते, तशी मोजकी उदाहरणं नोंदलेली आहेत. निरोध वापरायचा तो वापरायचाच.

गवती चहा

अवांतर: भारतातल्या पहिल्या एचआयव्ही बाधितांचा शोध १९८६ साली चेन्नईत लागला. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. पुढे त्यांनी तिथे जे एड्स केंद्र काढलं त्याला वडिलांचंच नाव दिलं, वाय. आर. गायतोंडे. आपल्याकडे हे फार कमी लोकांना माहीत असतं म्हणून लिहिलं. अवांतर समाप्त.

सूक्ष्मदर्शिनी

गवती चहा, हे असलं अवांतर रोज चालेल.

आता बोन मॅरो, म्हणजे हाडांतला तो मगज जिथे पांढऱ्या पेशी तयार होतात. टिमथी रे ब्राउन हा बर्लिनमध्ये राहणारा अमेरिकन. १९९५ पासून एचआयव्ही, २००६ मध्ये रक्ताचा कर्करोग झाला. प्रत्यारोपण लागणार होतं ते कर्करोगासाठी, हे आधी नीट लक्षात घ्या. त्याचे डॉक्टर गेरो ह्यूटर एचआयव्हीचे तज्ज्ञ नव्हते, रक्तविकारांचे होते. त्यांनी म्हटलं, दाता शोधायचाच आहे तर दोन्ही प्रती डेल्टा ३२ असलेला का शोधू नये? ब्राउनशी जुळणारे ८० संभाव्य दाते नोंदणीत निघाले. तपासत तपासत ६१ वा तसा मिळाला. जर्मनीत होते म्हणून मिळाला म्हणा.

२००७ च्या फेब्रुवारीत प्रत्यारोपण झालं आणि एचआयव्हीची औषधं थांबवली. विषाणू परतला नाही. कर्करोग मात्र परतला, म्हणून २००८ मध्ये त्याच दात्याकडून पुन्हा प्रत्यारोपण. त्या दुसऱ्या खेपेनं ब्राउनची अवस्था इतकी वाईट झाली की त्याला चालणं पुन्हा शिकावं लागलं. २०२० च्या सप्टेंबरात तो गेला, ५४ वर्षांचा होता. गेला तो कर्करोगानं. एचआयव्ही शेवटपर्यंत परतला नव्हता.

मग असेच बरे झालेले लंडनचे अ‍ॅडम कॅस्टियेहो (२०१९ मध्ये ही बातमी जगासमोर आणणारे रवींद्र गुप्ता भारतीय वंशाचे), मग ड्युसेलडॉर्फ, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके लोक, आणि प्रत्येकाला आधी जीवघेणा रक्तविकार होता. फॉरवर्डवाले हे वाक्य गाळतात.

शंकेखोर

लेख चांगला, पण बाई थोड्या एकतर्फी वाटल्या. बोस्टनच्या दोघांचं काय? त्यांच्यातही प्रत्यारोपणानंतर विषाणू सापडत नव्हता, आणि औषधं थांबवल्यावर काही महिन्यांत परतला. म्हणजे हे सगळं 'बरं झालं' प्रकरण कच्चंच ना? दुसरं, २०१९ साली नेचर मेडिसिनमध्ये आलं होतं की दोन्ही प्रती डेल्टा ३२ असलेली माणसं लवकर मरतात, मृत्यूची शक्यता २१ टक्के जास्त. इतका महत्त्वाचा मुद्दा तुम्ही गाळला.

मिरजेचा डॉक्टर

शंकेखोर साहेब, ते २१ टक्के विसरा. ब्रिटनच्या बायोबँकमधल्या (लोकांची जनुकीय आणि आरोग्याची माहिती साठवणारा मोठा संग्रह) चार लाखांवर लोकांच्या माहितीवरून तो निष्कर्ष काढला होता. नंतर लक्षात आलं की डेल्टा ३२ ओळखायला जो खुणेचा बिंदू वापरला त्याच्या वाचनातच गडबड होती, काही डेल्टा ३२ वाले मोजणीत सुटत होते. त्यामुळे असे लोक वयाबरोबर 'गायब' होतात असा भास झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात लेखकांनी लेख मागे घेतला. जूनमध्ये जगभर मथळे झाले होते, ऑक्टोबरची बातमी कोण वाचतो!

बोस्टनचा मुद्दा मात्र रास्त आहे, पण तो ताईंच्या बाजूनंच जातो. त्या दोघांच्या दात्यांचं सीसीआर५ शाबूत होतं. विषाणू कुठेतरी दडून होता, औषधं थांबल्यावर नव्या पेशी मिळाल्या आणि परतला. आता याच्या उलट बाजूचं उदाहरण: जर्मनीतल्याच एसेनच्या रुग्णाला डेल्टा ३२ चा दाता मिळाला, तरी विषाणू परतला, कारण त्याच्याकडे सीएक्ससीआर४ वापरणारे विषाणू आधीपासून होते. एक दार लावलं, ते दुसऱ्यानं आले.

सूक्ष्मदर्शिनी

डॉक्टर, आभार. त्यात आणखी दोन घाला म्हणजे गंमत पूर्ण होईल. २०२३ साली जिनिव्हाचा एक रुग्ण जाहीर झाला, त्याच्या दात्याचं सीसीआर५ अगदी साधं, तरी औषधं थांबवून वीस महिने विषाणू नाही. २०२४ मध्ये 'दुसरा बर्लिन रुग्ण', त्याच्या दात्याकडे डेल्टा ३२ ची एकच प्रत. म्हणजे सीसीआर५ घालवलंच पाहिजे असंही नाही. दात्याच्या नव्या पेशी रुग्णाच्या जुन्या पेशींना परक्या समजून मारतात, त्यात दडलेला विषाणूही संपत असावा असं मानलं जातं. सीसीआर५ नसणं हे अशा वेळी उरलेल्या विषाणूला पुन्हा पसरू न देण्याचं काम करतं. माझं मत विचाराल तर बर्लिनच्या पहिल्या गोष्टीत सगळं श्रेय डेल्टा ३२ ला देण्याची घाई झाली.

ओहायोकर

इकडे अमेरिकेत डीएनए तपासणीचं फॅड आहे, त्यामुळे कच्च्या डेटात हे बघता येतं. ऑफिसमधल्या एका आयरिश वंशाच्या मित्राला दोन्ही प्रती डेल्टा ३२ निघाल्या. पार्टी दिली त्यानं! मग मी शोधाशोध केली तर कळलं की डासांमुळे पसरणाऱ्या वेस्ट नाइल विषाणूच्या बाबतीत हे उलट पडतं. खरंय का? आमच्याकडे उन्हाळ्यात वेस्ट नाइलच्या सूचना येतात.

मिरजेचा डॉक्टर

खरं आहे. २००६ साली अमेरिकेतल्या वेस्ट नाइलच्या रुग्णांची जनुकं तपासली तेव्हा दोन्ही प्रती डेल्टा ३२ असलेले लोक अपेक्षेच्या चौपटीच्या आसपास निघाले. आधी उंदरांत दिसलं होतं की सीसीआर५ नसेल तर मेंदूत शिरलेल्या विषाणूशी लढायला पांढऱ्या पेशी तिथे वेळेत पोचत नाहीत. लागण होणं टळत नाही की वाढत नाही, झालेली लागण गंभीर होण्याची शक्यता वाढते. मित्राला सांगा, पार्टी ठीक, पण संध्याकाळी मच्छर मारायचं मलम लावून बस.

वेस्ट नाइल आपल्याला परका नाही हेही जाता जाता. मुंबईतल्या लोकांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडं १९५२ सालीच सापडली होती. अलीकडे केरळात रुग्ण आढळतात.

तळ्यातमळ्यात

मच्छर मारायचं नाही डॉक्टर, पळवायचं मलम. :)

निळू_फुले_नाही

म्हणूनच तो चीनचा प्रकार मला भयंकर वाटतो. २०१८ मध्ये हे ज्यानक्वे ('हे' हे त्याचं आडनाव) या संशोधकानं गर्भातच सीसीआर५ कापून जुळ्या मुली जन्माला घातल्या. वडील एचआयव्ही बाधित होते म्हणे. पण वीर्य धुऊन, नेहमीच्या पद्धतीनं कृत्रिम गर्भधारणा करून मुलांना लागण टाळता येतेच की! गरज काय होती?

शंकेखोर

गरज प्रसिद्धीची. तरी मी म्हणेन, तंत्र वाईट नाही, माणूस उतावळा होता. उद्या कोणीतरी नीट करेल.

सूक्ष्मदर्शिनी

शंकेखोर, माणूस उतावळा होता म्हणून सोडून देता येत नाही. त्या मुलींच्या जनुकात डेल्टा ३२ झालेलंच नाही. कात्री चालली, पण तुकडे जुळताना वेगळेच बदल झाले, जे त्याआधी कुठल्याही माणसात पाहिले नव्हते. डेल्टा ३२ घेऊन लाखो युरोपीय हजारो वर्षं जगलेत, त्याचा भलाबुरा हिशोब थोडाफार तरी माहीत आहे. या मुलींच्या बदलांचा हिशोब कुणाकडेच नाही, आणि ते बदल त्यांच्या पुढच्या पिढ्यांतही उतरू शकतात. २०१९ च्या अखेरीस त्या संशोधकाला तीन वर्षांची कैद आणि तीस लाख युआन दंड झाला.

मोठ्या माणसाच्या, त्याच्या संमतीनं काढलेल्या टी पेशींत सीसीआर५ कापून त्या परत सोडणं ही निराळी गोष्ट. तसा प्रयोग अमेरिकेत बारा रुग्णांवर झाला, २०१४ मध्ये निष्कर्ष आले. सुरक्षित वाटला. रोग बरा झाला नाही, पण कापलेल्या पेशी शरीरात टिकल्या. ते काम मला पटतं.

बापू कोल्हापूरकर

ताई, एक शंका. हे डेल्टा ३२ युरोपात प्लेगमुळं वाढलं असं वाचलंय. मग १८९६-९७ ला मुंबई-पुण्यात केवढा प्लेग झाला, आपल्यातले वाचलेले लोक तसे का नाही निघाले?

सूक्ष्मदर्शिनी

प्रश्न आवडला. साथ नवा बदल घडवून आणत नाही. आधीपासून कुणाकुणात असलेला बदल फायद्याचा ठरला तर पुढच्या पिढ्यांत त्याचं प्रमाण वाढतं, एवढंच. आपल्याकडे डेल्टा ३२ मुळातच नगण्य, मग वाढणार काय?

आणि युरोपातली प्लेगची गोष्टही आता फारशी उभी राहत नाही. १९९८ मध्ये हा बदल जेमतेम ७०० वर्षं जुना असावा असा अंदाज आला, तो चौदाव्या शतकातल्या काळ्या मृत्यूशी छान जुळला, त्यामुळे गोष्ट पसरली. पुढे सीसीआर५ नसलेल्या उंदरांना प्लेगचे जंतू दिले तेव्हा त्यांना काही विशेष संरक्षण मिळालं नाही. काहींनी देवीच्या रोगाचं नाव पुढे केलं. मग प्राचीन हाडांमधला डीएनए वाचता येऊ लागला आणि हा बदल काळ्या मृत्यूच्या हजारो वर्षं आधीच्या सांगाड्यांत सापडला. नेमका कशामुळे वाढला यावर अजून भांडणं चालू आहेत.

गवती चहा

दार बंद करणारी गोळी नाही का?

मिरजेचा डॉक्टर

आहे. मॅराव्हिरॉक, २००७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ती सीसीआर५ मध्ये अशी बसते की त्याचा आकार बदलतो आणि विषाणूला ते ओळखता येत नाही. पण गोळी सुरू करण्याआधी रुग्णाचा विषाणू कोणता रिसेप्टर वापरतो याची महागडी तपासणी करावी लागते, आणि दिवसातून दोनदा घ्यावी लागते. तोवर रोज एकदा घ्यायची, बिनतपासणीची चांगली औषधं आली. त्यामुळे मॅराव्हिरॉक मागे पडलं. औषध वाईट नव्हतं, वेळ चुकली.

अनामिक_४१

नवीन आयडी काढून लिहितोय, समजून घ्या. माझ्या धाकट्या भावाला एचआयव्ही आहे. बाकी कुठला आजार नाही. वर लिहिलेला फॉरवर्ड त्यालाही आलाय आणि तो जमीन विकून बोन मॅरो बदलायचं म्हणतोय. गावाजवळच्या एआरटी केंद्रात (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते सरकारी केंद्र) ओळखीचे लोक भेटतात म्हणून जायला टाळतो, गोळ्यांत खंड पडतो. काय सांगू?

मिरजेचा डॉक्टर

दादा, आधी जमीन वाचवा. कर्करोग नसलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीसाठी कुठलाही जबाबदार डॉक्टर प्रत्यारोपण करणार नाही, कारण त्या उपचारातच काही रुग्ण दगावतात. कुणी पैसे घेऊन करतो म्हणत असेल तर तिथून उठून या.

भावाला बहुधा टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर एकत्र असलेली गोळी चालू असेल. रोज एक, सरकारी केंद्रात फुकट. नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू मोजण्याच्या पातळीखाली राहिला तर तो इतरांसारखंच आयुष्य जगू शकतो, आणि शरीरसंबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही. हे सिद्ध करणाऱ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पुण्याचं आणि चेन्नईचं केंद्रही होतं.

खंड पडला असेल तर आधी विषाणूचं प्रमाण तपासून घ्या. ओळखीच्यांचा प्रश्न सोडवता येतो: त्याच केंद्रातल्या समुपदेशकाला सांगून नाव दुसऱ्या गावच्या एआरटी केंद्रात वर्ग करून घेता येतं, कागद तेच तयार करतात. फोनवर विचारायचं असेल तर १०९७, फुकट आहे.

अनामिक_४१

वर्ग करता येतं हे माहीतच नव्हतं. सांगलीला केलं तर चालेल का? तो तिथंच कामाला असतो.

मिरजेचा डॉक्टर

चालेल की. सोमवारी त्याला जुनं हिरवं-पांढरं जे काही कार्ड असेल ते घेऊन आधी आपल्याच केंद्रात पाठवा. एकटा जात नसेल तर तुम्ही सोबत जा. बाकीचं मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.